झेंडीच्या अलीकडून काढलेला फोटो

१९ जानेवारी १९७९, वर्धा

हिरालालजींनी आज ही डायरी माझ्या पुढ्यात टाकली. विमा एजंटाने त्यांना दिली होती, त्यांना नको होती. म्हणाले, "तेरा दिमाग एक जगह टिकता नहीं. इसमें लिख, शायद टिके." टिकेल असं वाटत नाही, पण कागद गुळगुळीत आहे, म्हणून लिहितो.

मी श्रावण. घर सेलूला. नववीत दोनदा अडकलो आणि बाहेर पडलो. मग टुरिंग टॉकीजच्या तंबूत तिकिटं फाडली, एक हंगाम जिनिंगमध्ये रुई उचलली, मधेच कोणी भुसावळला चल म्हणालं म्हणून गेलतो, तिथे काही नव्हतं. आता हिरालालजींच्या फोटो स्टुडिओत आहे. फोटो धुतो, दोरीवर वाळत घालतो, गिऱ्हाइकाच्या मागे काश्मीरचा पडदा सोडतो.

हिरालालजी म्हणतात, कॅमेरा कोणाचा मामा नाही अन् कोणाचा साळा नाही, म्हणून तो खोटं बोलत नाही. मग मागे काश्मीर कसं, असं विचारलं तर म्हणाले, पडदा खोटा, त्याच्यापुढचा माणूस खरा. हे मला पटलं. त्या माणसाच्या अंगातला कोटही स्टुडिओचाच असतो, हे मला जेवताना सुचलं.

२४ जानेवारी

मुंबईचे सिनेमावाले आलेत. गोष्टीचा सिनेमा नाही, खराखुरा. त्याला डॉक्युमेंटरी म्हणतात. नट नाही, नटी नाही, गाणं नाही, मारामारी नाही. मी विचारलं, मग पाहणार कोण? डायरेक्टर साहेब हसले नाहीत. त्यांच्याबरोबर एक कॅमेरामन आहे, तो बोलतच नाही, नुसता उन्हाकडे पाहतो. त्यांना खेड्यांचे रस्ते ठाऊक असलेला आणि कॅमेऱ्याचं तिपायी स्टँड उचलणारा माणूस पाहिजे होता. हिरालालजींनी मला देऊन टाकलं.

साहेबांना मी चिंचघाटचा शंकरपट सुचवला. समजावून सांगितलं: शेजारी शेजारी दोन चाकोऱ्या, त्यात दोन जोड्या, हलक्या छकड्या, टोकाला झेंडी. ज्याचे बैल आधी झेंडी ओलांडतील तो जिंकला. आणि शेवटच्या दिवशी बायांचा पट, म्हणजे छकडी हाकणारी बाई. साहेबांनी वहीत दोनदा रेघ मारली.

आज चिंचघाटला वेचणीच्या बायांना घेतलं. म्हणजे घेणार होतो. बायांना कळलं होतं की फोटो निघणार, तर सगळ्या लग्नाची लुगडी नेसून, केसांना तेल चोपडून कापसात उभ्या. साहेब म्हणाले, रोजच्यासारख्या या, कॅमेऱ्याकडे बघू नका. तानाबाई म्हणून एक आहेत, त्यांनी कमरेवर हात ठेवून विचारलं, "फोटोच्या वक्ताले रोजच्यासारखं कोन राह्यते, भाऊ? तुम्ही राह्यले होते का तुमच्या लग्नाच्या फोटोत?" साहेब मला म्हणाले, ह्यांना समजाव. मला तानाबाईंचंच बरोबर वाटत होतं, त्यामुळे समजावता आलं नाही. त्या तशाच कापूस वेचायला लागल्या, शालूत. कॅमेरामनने गुपचूप घेतलं.

कॅमेरा चावीचा आहे. घड्याळासारखी चावी भरायची, पूर्ण भरली की अर्धा मिनिट चालतो, मग थांबतो. खरं जग त्याला अर्ध्या मिनिटाच्या घासात भरवावं लागतं.

२८ जानेवारी, चिंचघाट

बायांचा पट झाला. सगळं लिहायला हवं.

शेवटच्या जोडीवर सगळं मैदान उठून उभं राहिलं. एकीकडे रूपराव पाटलांची पांढरी जोडी. हाकणारी त्यांची मुलगी नलू, वर्ध्याला कॉलेजात आहे. दुसरीकडे प्रेमदासजींची तांबडी जोडी. प्रेमदासजी बौद्धवाड्यातले, चार एकरांचे धनी, पण बैल शिकवावे तर त्यांनी. हाकणारी त्यांची मुलगी सुलोचना. बायांच्या पटात त्या वस्तीतली जोडी पहिल्यांदाच उतरली म्हणे.

हिरालालजींनी मला क्लिक कॅमेरा देऊन बजावलं होतं की शेवटच्या पटाचा फोटो झेंडीसमोर उभा राहून काढ. मी निघालोही होतो. पण वाटेत बायोस्कोपवाला बसला होता, त्याच्या डब्यात ताजमहाल, हत्ती आणि एक जाडी धोबीण. तिला पाहता पाहता हलगी वाजली. धावलो. झेंडीपर्यंत पोचायला गर्दी सोडीना, म्हणून झेंडीच्या बऱ्याच अलीकडे, पाटलांच्या जोडीच्या बाजूला, माणसांच्या काखेतून वाट काढून उभा राहिलो. तेवढ्यात आले. जमीन हलत होती. जोड्या माझ्यापुढून झेंडीला भिडल्या तसा मी खटका दाबला.

तांबडी जोडी आधी गेली. कॅमेरा खाली घेऊन मी झेंडीच्या काठीकडेच पाहत होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. एक मानभर पुढे. झेंडीवर नत्थूजी मुंशी असतात, म्हातारे, त्यांनी झेंडी सुलोचनाच्या बाजूने टाकली. प्रेमदासजी मातीतच बसले. सुलोचना छकडीतून उतरून बैलांच्या तोंडाचा फेस पदराने पुसत होती, लोकांकडे पाहतही नव्हती. तिच्या कपाळावर धुळीचा पट्टा होता. डोळे एकदम निवांत. बरं, ते असो.

साहेबांचा कॅमेरा सुरुवात घेत बसला आणि शेवटाला चावी संपली. झेंडीचं काहीच घेतलं गेलं नाही. साहेब कॅमेरामनवर इंग्रजीत ओरडले.

बक्षीस पाण्याचा पितळी गुंड आहे, चांगला मोठा. इथली रीत अशी की जिंकलेली बाई देवळापुढच्या विहिरीवर तो गुंड भरते आणि डोक्यावर घेऊन गावातून घरी जाते. पण आज गुंड दिलाच नाही. पंचांचे मुख्य किसनराव म्हणाले, थोडं पाहू, धूळ फार होती. धूळ तर कालही होती, काल लगेच बक्षीस दिलं. एका गुंडासाठी एवढा विचार कशाला करतात कळत नाही.

३० जानेवारी, वर्धा

माझा फोटो निघाला. असा फोटो वर्ध्यात कोणी काढला नसेल. बैलांच्या ताणलेल्या माना, उडालेली माती, नलूची वेणी हवेत सरळ आडवी. हिरालालजी दोन मिनिटं पाहत राहिले आणि म्हणाले, "काम का निकला तू." लगेच शोकेसमध्ये लावला, लग्नाच्या जोडप्यांच्या मधोमध.

एक गंमत आहे. फोटोत पांढरी जोडी पुढे दिसते. चांगली हातभर. मी म्हटलं, मला तर तांबडी पुढे दिसली होती. हिरालालजी म्हणाले, आंख को धूल लगती है, काच को नहीं. बरोबर आहे. मी धावत आलो होतो, धाप लागली होती. माणसाला काहीही दिसतं.

संध्याकाळी रूपराव पाटील बाजाराला आले होते. शोकेसपुढे थांबले, आत आले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि दहा प्रती सांगितल्या. मला चहा पाजला, आलू-बोंडा पाजला (म्हणजे खाऊ घातला). माणूस दिलदार आहे. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझं काहीतरी दहा जणांच्या घरी जाणार.

२ फेब्रुवारी

आज दुपारी स्टुडिओत सुलोचना आली, बरोबर प्रेमदासजी. मला वाटलं फोटो काढायचा असेल. मी पडदा सोडायला धावलो.

ती शोकेससमोर उभी होती. म्हणाली गावात दहा घरी हा फोटो लागला आहे, पंचांनी तो पाहिला, आणि किसनराव म्हणाले फोटो कोणाच्या बाजूचा नसतो, तेव्हा गुंड पाटलाकडे जाईल. नत्थूजी मुंशींना सगळे म्हणतात तुम्हाला दिसत नाही आता. म्हातारा घराबाहेर पडत नाही.

मग तिने मला विचारलं, "श्रावणभाऊ, तुम्ही तिथंच उभे होते. तुमच्या डोयानं काय पाह्यलं?"

मी म्हटलं, फोटोत तर पांढरे—

"फोटो नाई विचारला मी."

मी पडद्याची दोरी गुंडाळत राहिलो. प्रेमदासजी तिला चल म्हणत होते. ती गेली नाही. तिने सांगितलं आणि मग मला त्या गुंडाचं कळलं. देवळापुढची विहीर कायद्याने सगळ्यांची, तशी पाटीही आहे, पण त्यांच्या वस्तीतलं कोणी अजूनही तिच्यात बादली टाकत नाही. तिची आजी जिजाबाई तरुणपणी त्या विहिरीच्या पायऱ्यांखाली उभी राहायची, वरून कोणी ओतेल तेवढं पाणी घ्यायची. पटाची रीत मात्र गावाचीच आहे आणि जुनी आहे. जिंकलेल्या बाईने तिथेच गुंड भरायचा असतो. "भांडून भरलं असतं तर कवाच भरलं असतं," ती म्हणाली. "बुढीले वाजतगाजत आनलेलं पानी पाह्यजे. आम्ही जित्तलो म्हणून."

जाताना म्हणाली, तुमचा राग नाही भाऊ, फोटो चांगला आला आहे. दोनदा भाऊ म्हणाली. त्याचं मला काही वाटलं नाही, असं इथे लिहून ठेवतो.

४ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही दोन दिवस. मी पाहिलं ते खरं की काचेने पाहिलं ते? काचेला माझा काय राग, की पाटलाचा काय लळा?

आज हिरालालजींच्या घरून तेलाचा डबा आणायला गेलो तर माळ्यावर त्यांच्या पोराचे तान्ह्या पोळ्यात मिरवायचे लाकडी बैल दिसले. चाकांवरचे, एक पांढरा, एक तांबडा. कशाला घेतले माहीत नाही, पण डबा तिथेच ठेवून बैल घेऊन आलो. स्टुडिओच्या फरशीवर खडूने रेघ मारली, ती झेंडी. दोन बैल शेजारी शेजारी. तांबडा रेघेला टेकवला, पांढरा बोटभर मागे ठेवला. मग पालथा पडून कॅमेऱ्यातून पाहिलं. रेघेच्या सरळ समोरून पाहिलं तर तांबडा पुढे. मग मी पटाच्या दिवशी उभा होतो तसा रेघेच्या अलीकडे सरकलो, पांढऱ्याच्या बाजूने.

पांढरा पुढे गेला. कोणी हात लावला नाही, बैल जागच्या जागी, आणि पांढरा पुढे गेला.

मी परत समोर सरकलो. तांबडा पुढे. अलीकडे, पांढरा पुढे. किती वेळा केलं ठाऊक नाही. शर्टाची पुढची बाजू काळी झाली. हिरालालजी आले तेव्हा मी हसत होतो की रडत होतो, त्यांनाच ठाऊक. मी त्यांनाही पालथं झोपवलं. पोट आडवं येत होतं, पण झोपले. बराच वेळ काचेतून पाहिलं, मग तिथूनच म्हणाले, "बीस साल से दुकान चला रहा हूं मैं." उठून शोकेसमधला फोटो काढला.

कॅमेरा खोटं बोलला नाही. तो झेंडीच्या अलीकडे उभा होता, एवढंच. आणि त्याला तिथे मी उभं केलं, मला एका जाड्या धोबिणीने.

६ फेब्रुवारी, चिंचघाट

लाकडी बैल घेऊन पंचांपुढे गेलो. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर रेघ मारली, सगळ्यांना एक डोळा मिटून पाहायला सांगितलं. पोरं खूश झाली. नत्थूजी मुंशींना बोलावून आणलं होतं, त्यांनी पाहिलं आणि माझी कॉलर सरळ केली. पण रूपराव पाटील म्हणाले, "लाकडाचे बैल कवा धावले होते बे?" सगळे हसले, मीही हसलो, काय करणार.

तेवढ्यात साहेबांची जीप आली. ते इतके दिवस सेवाग्रामकडे शूटिंग करत होते. त्यांना पटाचा शेवट हवाच आहे, त्याशिवाय सिनेमा जुळत नाही. म्हणाले, त्याच दोन जोड्या पुन्हा पळवा, रविवारी. पाटील आणि साहेब बाजूला जाऊन बोलले. परत आल्यावर पाटलांनी सगळ्या गावासमोर मोठ्याने सांगितलं, "आता वाद नको. सिनेमाच्या कॅमेऱ्यात जो पुढं दिसन तो जित्तला. गुंड त्याचा. कबूल?"

प्रेमदासजी म्हणाले कबूल. किसनराव म्हणाले कबूल. पाटलांचा मोठेपणा मानला पाहिजे, जिंकलेला डाव परत मांडला.

नंतर जीपमध्ये साहेबांनी मला सांगितलं की पांढरी जोडी पुढे येईल. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर तांबडे बैल मातीत मिसळून जातात, पांढरे उठून दिसतात. सुलोचनाने शेवटी कासरा ओढायचा. मी म्हटलं, पण खरं तर ती जिंकली होती. साहेब म्हणाले, डॉक्युमेंटरीत प्रत्येक तपशील खरा नसतो, सगळं मिळून खरं असतं. हे वाक्य मी लिहून घेतलं. दोन-तीनदा वाचलं. सगळं कशाकशाचं मिळून, ते त्यांनी सांगितलं नाही.

१० फेब्रुवारी

साहेबांचा निरोप घेऊन सुलोचनाकडे गेलो. ती बैलांना सरकी घालत होती. मी खाली मान घालून सांगितलं की उद्या झेंडीजवळ कासरा ओढायचा आहे.

मला वाटलं चिडेल. चिडली नाही. विचारलं, कॅमेरा कुठे उभा राहील? मी म्हटलं, स्टँड मीच लावणार, झेंडीच्या अगदी समोर लावीन. मग विचारलं, चावी किती वेळ पुरते? सुरुवातीपासून चालवतील की शेवटाला? मी सांगितलं, शेवटालाच, आणि चावी मी गच्च भरून देईन. "बरं," म्हणाली. "सायबाले सांगा, समजलं म्हणा." किती समजूतदार मुलगी. जिजाबाई, म्हणजे तिची आजी, घरात रांजणाशेजारची जागा शेणाने सारवून राह्यलती. सारवून झालेल्या जागेवर पुन्हा सारवत होती. कशासाठी विचारलं तर म्हणाली, असंच.

परत येताना पाटलांच्या फाटकाशी नलूने हाक मारली. मला वाटलं फोटोची प्रत मागेल. ती रागात होती. बापाने आणि साहेबाने काय ठरवलं ते तिला कळलं होतं. म्हणाली, "तिले सांगजो, मी हात आखडनार नाई. तिनंबी आखडू नये. मले कोनी देल्लेला गुंड नको."

मग परत गेलो, सांगितलं. सुलोचना हसली, पहिल्यांदाच पाहिलं हसताना. म्हणाली, "तिले म्हणा, मलेबी नको."

आता दोघींनी कासरा सोडला तर साहेबांचा ठरलेला शेवट कसा यायचा? बायांचं बोलणं, मानापमानाचं असतं, वेळेवर ऐकतील. साहेबांना सांगितलं नाही, त्यांना आधीच ॲसिडिटी आहे.

११ फेब्रुवारी, चिंचघाट

जिंकलो. जिंकली.

शांतपणे लिहितो. सकाळी स्टँड झेंडीच्या नेमक्या समोर रोवला, पाय मातीत पुरले. साहेब म्हणाले, तिकडे तिरपा लाव, बैल अंगावर आल्यासारखे दिसतात. मी म्हटलं पुरले आहेत साहेब, निघत नाहीत. साहेब कॅमेरामनकडे वळले. त्याने उन्हाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि गेल्या अठरा दिवसांतलं पहिलं मराठी वाक्य बोलला: "उजेड इथेच चांगला आहे."

चावी मी भरली. बोटाला फोड आला इतकी.

पहिल्या पटाला होते त्याहून जास्त लोक. सेलूहून माझा बापही आलता, कोणी सांगितलं त्याला कोण जाणे. हलगी वाजली. सुरुवातीला पांढरे सुटले, एक छकडीभर पुढे. नलू उभी राहून हाकत होती. मला वाटलं, चला, ठरल्याप्रमाणे चाललंय, आणि माझं तोंड कडू झालं. निम्म्यावर तांबडे बरोबरीला आले. साहेब हातातला कागद हलवत ओरडले, आता ओढ, कासरा ओढ. सुलोचनाने कासरा सोडला. पूर्ण. नलूनेही. मग दोघींपैकी कोणीच काही ओरडेना, नुसती चाकं वाजत होती आणि बैलांचे श्वास. बैलांना कोणी सांगितलं नव्हतं की हे सिनेमासाठी आहे.

मला वाटलं पांढरे गेले. मला वाटलं तांबडे गेले. या वेळी मला धाप लागली नव्हती, तरी कळेना. मग माझ्या कानाशी कॅमेऱ्याची घरघर आणि कॅमेरामनचा आवाज, "तांबडे. मानभर."

नत्थूजींनी झेंडी टाकली, अशी टाकली की तिची काठी मोडली.

साहेब म्हणाले, पुन्हा घ्यावं लागेल. कॅमेरामनने डबी उघडून दाखवली. फिल्म संपली होती, वर्ध्यात मिळत नाही. लोक पाटलांकडे पाहत होते, कारण सगळ्या गावासमोर कबूल त्यांनीच करवून घेतलं होतं. किसनराव गुंड घेऊन उभे, कोणाच्या हातात द्यावा कळेना त्यांना. नलू छकडीवरून उतरली, घामाने ओली, रडवेली. खरं तर रडलीच थोडी. तिने किसनरावांच्या हातून गुंड घेतला आणि सुलोचनापुढे धरला. म्हणाली, "पुढच्या साली पाह्यतो तुले."

"ये ना," सुलोचना म्हणाली.

मग हलगीवाले पुढे, सुलोचना मागे, सगळं मैदान तिच्या मागे. देवळापुढे दोन म्हातारे ओट्यावरून उठून निघून गेले. बाकी कोणी वाट अडवली नाही. तिने विहिरीत बादली सोडली. दोराचा आवाज ऐकू येत होता इतकं शांत. माझ्या कॅमेऱ्यात एक फोटो उरला होता. मी घाई केली नाही. बाजूला झालो, पुढे झालो, मग पायरीवर तिच्या समोर सरळ उभा राहिलो आणि तिने बादली काठावर घेतली तेव्हा काढला.

घरी जिजाबाई दारात बसली होती. पाणी प्यायली नाही लगेच. ओंजळीत घेऊन पाहत बसली. प्रेमदासजी म्हणाले, माय, पी न आता. ती म्हणाली, "थांब बे, घाई काय हाय? आता रोजचंच हाय."

माझ्या बापाने मला विचारलं, तू इथे काय करून राह्यला? मी म्हटलं, स्टँड धरून राह्यलो. तो म्हणाला, बरा धरला.

२० मार्च, वर्धा

विहिरीचा फोटो शोकेसमध्ये आहे. तानाबाई येऊन पाहून गेल्या आणि म्हणाल्या, मागे काश्मीर नाही तरी बरा दिसते. मधे दहा दिवस मी पुलगावला एका जादूगाराबरोबर गेलतो. त्याचं खोटं खोटंच निघालं, परत आलो. हिरालालजींनी पगार कापला नाही.

२ डिसेंबर, चिंचघाट

सिनेमा आला. सरकारी प्रचाराची गाडी आली, देवळापुढच्या पटांगणात पडदा लावला, दिवे लागल्यावर सगळं गाव जमलं. पडद्याच्या दोन्ही बाजूंनी बसले होते लोक. पाटीलही खुर्ची घेऊन आले. नलू बायांत बसली, सुलोचनाच्या शेजारी, कारण जागा तिथेच होती असं ती म्हणाली.

आधी कापूस. तानाबाई शालूत कापूस वेचताना दिसल्या आणि सगळं पटांगण खदखदलं. मागून एक जड आवाज बोलत होता की कष्ट हेच या भूमिकन्यांचे अलंकार. तानाबाईंनी गळ्यातली एकदाणी वर धरून पडद्याला दाखवली.

मग पट. आवाज म्हणाला, ही पाहा ग्रामीण महाराष्ट्राची एक उत्कंठापूर्ण शर्यत. कोणाचं नाव घेतलं नाही. जोड्या सुटल्या, चाकं, धूळ, लोकांची तोंडं, त्यात माझ्या बापाचं एक. मग झेंडी. आणि तांबडे बैल पुढे. फिल्मवर ते मातीत मिसळले नव्हते. काळेभोर, घामाने चकाकत, रेघेवर मानभर पुढे, सरळ समोरून. पटांगण असं ओरडलं की पडदा हलला. मी पाटलांकडे पाहिलं. ते मान पुढे काढून बैलांचे पाय पाहत होते, बैलांचा माणूस जसा पाहतो तसं.

विहीर नव्हती सिनेमात. झेंडीनंतर एकदम सूर्यास्त.

आरडाओरडा थांबल्यावर बायांच्या घोळक्यात कुजबूज सुरू झाली, मग हसू, मग मोठ्याने हसू. मला काहीच कळेना. तानाबाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अवो, निघाली तवा चौकड्याचं लुगडं होतं. पोचली तवा ठिपक्याचं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. साहेबांनी सुरुवात पहिल्या पटाची लावली होती आणि शेवट दुसऱ्या पटाचा. फेब्रुवारीत त्यांनी दोघींना निरोप दिला होता की जानेवारीतलीच लुगडी नेसा. नलूने ऐकलं होतं. सुलोचनाने ऐकलं नव्हतं. मुंबईत एवढं कोणी पाहिलं नसेल, पण चिंचघाटच्या बायांपासून लुगडं लपत नाही.

गाडीवाला ऑपरेटर बिचारा घाबरला. त्याला वाटलं रीळ चुकीचं जोडलं आहे, त्याच्यावर येईल. यंत्र थांबवून तो विचारायला लागला की काही गडबड आहे का, मी वर कळवतो.

सुलोचना बसल्या जागेवरून म्हणाली, "काही गडबड नाई, भाऊ. दोनदा जित्तलो आम्ही. म्हणून दोन लुगडे."

नलूने तिच्या पाठीत धपाटा घातला. दोघी हसत होत्या. मागून कोणी म्हणालं पुन्हा लाव, मग सगळेच म्हणायला लागले. ऑपरेटरने पाटलांकडे पाहिलं. पाटील म्हणाले, "लाव बाप्पा. मले बैलाचे पाय पाह्याचे हायेत."

त्याने रीळ उलटं गुंडाळलं आणि पुन्हा लावलं.